विश्लेषण : चंद्रपूर-गडचिरोलीत ‘विंटर टायर’ हवेत का? नव्या छोट्या मोटारीसाठी इंधन वाचवणारा टायर कसा निवडावा?

वस्तू व सेवा कराची नवी रचना २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोटारीच्या नव्या टायरवरील करही २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. छोटी मोटार त्यामुळे अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आली. मात्र गाडी दारात आल्यानंतर पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि टायर यांचा खर्च सुरू होतो. थंडी पडू लागली की समाजमाध्यमांवर ‘विंटर टायर’चे सल्ले फिरू लागतात. ४८ अंशांचा उन्हाळा आणि पुलांवरून पाणी वाहणारा पावसाळा अनुभवणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीत या सल्ल्यांना काही अर्थ आहे का आणि इंधन खरोखर कशाने वाचते, याचा हा आढावा.

विंटर टायर म्हणजे काय?

बर्फाळ देशांत हिवाळ्यापुरते बसवले जाणारे हे वेगळे टायर असतात. थंडीत साधे रबर कडक होते आणि रस्त्यावरील पकड सैल पडते. त्यामुळे विंटर टायरचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते आणि बर्फ पकडण्यासाठी त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हे टायर साध्या टायरपेक्षा सरस ठरतात. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ते कायद्यानेच सक्तीचे आहेत. जर्मनीतही बर्फ किंवा गारठलेला रस्ता असेल, तर अशा खुणेचे टायर लागतात. परदेशात राहणारे नातेवाईक दर हिवाळ्यात टायर बदलतात, ते याच कारणाने.

मग चंद्रपूर-गडचिरोलीत ते का नकोत?

या दोन जिल्ह्यांत थंडी असते, पण ती पहाटेपुरती. थंडीची लाट आली तरच पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि दुपारी ऊन पुन्हा चटका देते. रस्त्यावर बर्फ साचण्याचा प्रश्नच नाही. अशा हवेत विंटर टायरचे मऊ रबर झपाट्याने झिजते, गरम कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि सर्वसाधारणपणे पेट्रोलही अधिक लागते. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. तशा नवतपात हे टायर वापरणे हा पैशांचा अपव्यय तर आहेच, शिवाय धोकाही आहे.

केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात ‘निर्बंधित’ यादीत टाकली. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्हही बंधनकारक आहे. त्यामुळे कोणी परदेशी विंटर टायर स्वस्तात देऊ करत असेल, तर आधी हे चिन्ह तपासावे. इथल्या छोट्या मोटारीला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही झेपतील असे, भारतीय रस्त्यांसाठी बनवलेले नेहमीचे ट्यूबलेस रेडियल टायरच योग्य. ‘थंडीसाठी टायर’ या प्रश्नाचे या भागातील उत्तर टायर बदलण्यात नसून टायरमधील हवा तपासण्यात आहे.

टायरमुळे पेट्रोल कसे खर्च होते?

गाडीच्या वजनाने टायरचा रस्त्याला टेकलेला भाग चपटा होतो आणि चाक फिरताच पुन्हा पूर्ववत होतो. दर फेरीला रबर असे दबते आणि सुटते. त्यात खर्च झालेली ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. प्रवासानंतर टायर गरम लागतो तो यामुळेच. गाडी पुढे जाण्याला टायरकडून होणाऱ्या या विरोधाला ‘रोलिंग रेझिस्टन्स’ म्हणतात. तो जितका कमी, तितके इंजिनाचे काम हलके.

अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००६ मधील अहवालानुसार रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी कमी झाला, तर इंधन कार्यक्षमता १ ते २ टक्क्यांनी वाढते. आकडा लहान वाटतो, पण टायर काही वर्षे चालतो. समजा, एक छोटी मोटार वर्षाला १२ हजार किलोमीटर धावते आणि लिटरमागे १८ किलोमीटर देते. तिला वर्षाला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर हा खर्च ७० हजार रुपये होतो. टायरमुळे त्यात तीन टक्के बचत झाली, तर वर्षाला २० लिटर, म्हणजे २१०० रुपये वाचतील. टायरच्या ४० हजार किलोमीटरच्या आयुष्यात ही बचत सात हजार रुपयांच्या घरात जाते. चार टायरच्या दोन संचांच्या किमतीत फरक असेल, तर तो या आकड्याशी ताडून पाहावा.

इंधन वाचवणारा टायर कसा ओळखायचा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २८ जून २०२२ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरसाठी तीन निकष बंधनकारक केले. रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड आणि धावताना होणारा आवाज हे ते निकष. एआयएस-१४२ या मानकानुसार ते मोजले जातात. टायरच्या नव्या रचनांना ही अट १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली आणि जुन्या रचनांना २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने. पण ही किमान पात्रता आहे. तिच्यात बसणाऱ्या दोन टायरमध्येही बराच फरक असू शकतो.

हा फरक दाखवण्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने फ्रिज आणि एसीप्रमाणे टायरलाही तारांकन सुरू केले आहे. तारे जास्त म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स कमी. दुकानात तारांकनाचे लेबल असलेला टायर मागावा. ते नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात तो टायर इंधन बचतीसाठी बनवला आहे का, हे पाहावे. युरोपात १ मे २०२१ पासून इंधन आणि ओल्या रस्त्यावरील पकड या दोन्हींसाठी ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी टायरवर छापली जाते. तेथे मोटारीच्या ‘ए’ श्रेणीच्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स दर टन वजनामागे ६.५ किलो किंवा त्याहून कमी असतो, तर ‘ई’ श्रेणीत १०.६ किलोपासून पुढे. एकाच मापाच्या दोन टायरमध्ये एक-तृतीयांशाहून अधिक तफावत पडू शकते, ती अशी.

नव्या गाडीसोबत आलेला टायर बहुधा मायलेज डोळ्यांसमोर ठेवूनच निवडलेला असतो. तो झिजल्यावर त्याच मापाचा दुसरा टायर घातला आणि मायलेज घटले, तर दोष इंजिनाचाच असेल असे नाही. तसेच, नव्या टायरवर रबर जास्त असल्याने सुरुवातीला मायलेज किंचित कमी दिसते. झिजलेला टायर उलट हलका फिरतो. म्हणून गोटा झालेला टायर ‘ॲव्हरेज चांगला देतो’ म्हणून ठेवून देणे पावसाळ्यात जिवावर बेतू शकते.

टायरवरील आकडे काय सांगतात?

१६५/८० आर १४ ८५ टी, असे माप टायरच्या बाजूवर लिहिलेले असते. १६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८५ हा भार निर्देशांक असून त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलोपर्यंत भार पेलू शकतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी योग्य. टायर बदलताना माप कंपनीने दिलेलेच ठेवावे. भार आणि वेगाचे निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावेत. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून रुंद टायर आणि मोठे अलॉय बसवले, तर मायलेज घटते, स्टिअरिंग जड होते आणि स्पीडोमीटरही चुकू शकतो.

निर्मितीची तारीख चार आकडी असते. ३५२५ म्हणजे २०२५ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानात बरेच दिवस पडून राहिलेला टायर सवलतीत मिळत असेल, तर आधी हा आकडा वाचावा. उष्ण प्रदेशात रबर न वापरताही म्हातारे होते.

केवळ मायलेज पाहून टायर घ्यावा का?

नाही. रोलिंग रेझिस्टन्स कमी करण्याच्या नादात ओल्या रस्त्यावरील पकड ढिली पडली, तर बचत महागात पडते. चांगल्या टायरमध्ये सिलिकामिश्रित रबर वापरून दोन्ही गुण साधलेले असतात आणि त्याची किंमत थोडी जास्त असते. चंद्रपूर-मूल-गडचिरोली असो की आष्टी-आलापल्ली, जून ते सप्टेंबर या काळात रस्ता ओला असतो. कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या जड वाहनांमुळे पडलेले खड्डे आणि त्यांवर साचलेला निसरडा चिखल यांची भर पडते. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रानडुक्कर, चितळ किंवा वाघ अचानक आडवा आला, तर गाडी किती मीटरवर थांबते हे टायरच ठरवतो.

मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक पट्ट्या असतात. झिजता झिजता टायर त्या पट्ट्यांच्या पातळीला आला, की बदलायची वेळ झाली. प्रत्यक्षात खोली तीन मिलिमीटरच्या आसपास आल्यावर पाणी बाजूला सारण्याची क्षमता बरीच घटते. म्हणून इथल्या मोटारचालकाने टायरचा निर्णय मृग नक्षत्रापूर्वीच घेतलेला बरा.

टायर कितीही चांगला असला, तरी पुलावरून पाणी वाहत असताना तो कामाचा नाही. साधारण एक फूट वेगवान पाणीही छोटी मोटार वाहून नेऊ शकते. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीच्या पुरामुळे संपर्क तुटतो, तेव्हा पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच एक उपाय असतो.

थंडीत हवेचे गणित कसे बदलते?

थंडीत हवा आकुंचन पावते. तापमान पाच ते सहा अंशांनी उतरले, की टायरमधील दाब साधारण एक पीएसआयने घटतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३० अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे सुमारे ३० पीएसआय भरते. शिवाय टायरमधून दर महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप झिरपते. दोन-तीन महिने कोणी पाहिलेच नाही, तर दाब २७-२८ पर्यंत येतो. नेमक्या याच दिवसांत झाडीपट्टीत रात्रभर नाटके रंगतात आणि घरची पाच माणसे छोट्या मोटारीत बसून वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे निघतात. हवा कमी, भार पूर्ण आणि रस्त्यावर धुके, असा तो प्रवास होतो.

अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरमधील दाब सरासरी एक पीएसआयने घटला, तर मायलेज सुमारे ०.२ टक्के कमी होते. सहा पीएसआय कमी असेल तर फटका सव्वा टक्क्याच्या आसपास बसतो. वरच्या उदाहरणातील मोटारीसाठी तो वर्षाला आठशे रुपयांच्या पुढे जातो. याहून मोठे नुकसान टायरचे होते, कारण कमी हवेचा टायर दोन्ही कडांनी लवकर झिजतो.

हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालली असताना तपासावी. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. पूर्ण भारासाठी वेगळा दाब दिलेला असेल, तर लांबच्या प्रवासाला तो ठेवावा. पंधरा दिवसांतून एकदा आणि थंडी सुरू होताना आणि संपताना एकदा तपासणी पुरेशी आहे. घरी साधा प्रेशर गेज असलेला चांगला. नायट्रोजनबाबत सांगायचे, तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाचा परिणाम दोन्हींवर जवळपास सारखाच होतो. त्यामुळे नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टाळता येत नाही.

उन्हाळ्यात टायर का फुटतात?

हवा जास्त झाल्याने टायर फुटतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि त्यापोटी अनेक जण मे महिन्यात हवा कमी ठेवतात. प्रत्यक्षात उलट घडते. हवा कमी असेल तर टायरच्या बाजू जास्त दबतात, आतून तापतात आणि थर सुटून टायर फुटतो. त्यात तापलेला सिमेंटचा रस्ता, जादा सामान आणि वेग यांची भर पडली की धोका वाढतो. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून नागपूरमार्गे मुंबईला मोटारीने जाणे सोपे झाले आहे. मात्र तासन् तास एकाच वेगाने धावताना टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. निघण्यापूर्वी हवा आणि टायरच्या बाजूवरील फुगवटे तपासावेत, दोन तासांनी थांबावे. प्रवासात गरम टायरचा दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसला, तरी हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर तो कमी पडेल.

नव्या मोटारीची देखभाल कशी ठेवावी?

पहिल्या एक हजार किलोमीटरपर्यंत गाडी फार वेगात किंवा सतत एकाच वेगाने न चालवणे आणि पूर्ण भार टाळणे चांगले. अनेक छोट्या मोटारींची पहिली मोफत सर्व्हिस एक हजार किलोमीटर किंवा एक महिना, यांपैकी जे आधी येईल त्याला असते. गाडी कमी चालली तरी महिन्यांची मुदत पाळावी, नाही तर वॉरंटीचा दावा अडचणीत येऊ शकतो. सिरोंचा, एटापल्ली, कोरची अशा तालुक्यांतील मालकांनी सर्व्हिसिंगचा दिवस जिल्ह्याच्या ठिकाणच्या इतर कामांसोबत जोडून घेणे सोयीचे.

नव्या छोट्या इंजिनांना पातळ ऑइल लागते. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेले असेल, तर ‘उन्हाळा आहे, जाड टाका’ हा सल्ला मायलेज खातो. कूलंटच्या जागी विहिरीचे वा बोअरचे पाणी टाकू नये, त्यातील क्षारांनी रेडिएटर चोंदतो. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर परिसरात कोळशाची धूळ आणि राख असल्याने एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर मॅन्युअलमधील मुदतीच्या आधीच पाहावेत. बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा असतो, ती बंद मात्र पुढच्या थंडीत पडते. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास तिची तपासणी करून घ्यावी. टायरची जागा-बदल, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग पाच ते दहा हजार किलोमीटरदरम्यान करावे. मोठ्या खड्ड्यात चाक आदळले तर लगेच.

जंगलालगतच्या गावांसाठी आणखी एक खबरदारी आहे. फेब्रुवारी ते जून हा वणव्यांचा हंगाम. सायलेन्सरला जोडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धावून आलेल्या गाडीत कित्येकशे अंशांपर्यंत तापलेला असतो. अशी गाडी वाळलेल्या पाचोळ्यावर किंवा तणसावर उभी केली, तर आग लागू शकते.

मायलेज थोडे घटले की टायरवर संशय घेण्यापूर्वी इंधनही ध्यानात घ्यावे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असल्याने मायलेजवर त्याचा थोडा परिणाम होतो.

स्टेपनीचे काय?

जुलै २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असलेल्या मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. शहरात ही सोय आहे, पण गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. आलापल्ली ते भामरागड या साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्यावर पंक्चरचे दुकान गाठणे आणि मोबाइलला रेंज मिळणे, दोन्हींची खात्री नसते. किटने खिळ्याचे भोक बुजते, बाजूने फाटलेला टायर मात्र सांधता येत नाही. या भागात गाडी निवडताना स्टेपनी मिळते का, हे आधी विचारावे. मिळत असेल, तर हवा तपासताना पाचव्या चाकाचीही तपासावी.